पेन्सिलीच्या रेघा कुठे आहेत ते बघा

पत्र आलं ते वहीच्या दोन पानांवर, पाठपोट लिहिलेलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मजकूर थोडा आवरला आहे.

"बाई, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडकडे राहते. घरी टॉवेलला शिलाई मारायचं काम करते. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला आहे. तिचे वडील टेम्पो चालवायचे, इथला माल पुण्याला नेऊन टाकायचे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत ती हट्ट करून त्यांच्याबरोबर गेली. परत येताना पहाटे टेंभुर्णीच्या अलीकडे टेम्पो रस्त्यात उभ्या ट्रकवर आदळला. ट्रकला मागे दिवा नव्हता. ते जागेवरच गेले. हिचा हात मोडला, बाकी काही झालं नाही. तेव्हापासून ती गाडीत बसंना झालीय, रिक्षातसुद्धा नाही. कॉलेजला सायकलने जाते. घरात बोलणं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत दारूकामाचा आवाज आला तर कान दाबून मोरीत जाऊन बसली. सारखी इंग्रजी कादंबऱ्या वाचत असते, सगळ्यांवर पोरगा-पोरगी. शेजारच्या मुलाला दाखवल्या तर म्हणाला, काकू, ह्या लव्ह स्टोऱ्या आहेत, दुःखी पोरापोरींच्या. एकात तर तो मुलगा शेवटी जीव देतो म्हणे. माझ्या पोटात गोळाच आला. सातही पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावलं. दीर म्हणतात, फोनही काढून घ्या. ती भांडली नाही, रडली नाही, नुसती जेवली नाही. पुस्तकांत पेन्सिलीने रेघा मारून घाण करून ठेवलीय, फोटो पाठवते. मला इंग्रजी येत नाही. पुस्तकं परत द्यावी की रद्दीत घालावी? असलं वाचून पोरगी हातची जाईल का? सांगा की, बाई."

सहीच्या बाजूला, समासात, पान आडवं धरून वाचावी लागेल अशी एक ओळ आहे. तिच्याबद्दल पुढे बोलते.

ताई,

आधी पेटीचं कुलूप काढा. बाकीचं मागाहून वाचा. पुस्तकं जिथे होती तिथेच, तिच्या उशाशी ठेवा. वर भाषण नको. फार तर एवढं म्हणा, "मी घाबरले होते गं."

फोटोबद्दल. तुम्ही तो तक्रार म्हणून पाठवलात. मी चष्मा लावून, बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि मग तुम्हाला फोन करून रेघा मारलेल्या सगळ्या पानांचे फोटो मागवले. (हेही डोकावणंच झालं. तिला सांगून टाका की त्या बाईंनी पाहिलं, आणि त्यांना त्याची लाज वाटली.) एका जुन्या विद्यार्थिनीकडून ते पुस्तक आणवलं आणि दोन रात्रींत संपवलं. सासष्टाव्या वर्षी सासूबाई अमेरिकन पोरांची प्रेमकथा वाचताना सापडल्या, म्हणून आमच्या सूनबाई अजून हसतात.

पुस्तकाचं नाव 'ऑल द ब्राइट प्लेसेस'. लेखिका जेनिफर निव्हन. 2015 साली आलं, 2020 मध्ये त्यावर सिनेमाही झाला. गोष्ट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली. व्हायलेट नावाची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची मोठी बहीण मोटार अपघातात गेली. त्याच गाडीत व्हायलेटही होती, ती वाचली. तेव्हापासून ती गाडीत बसत नाही. सायकलने फिरते.

हे वाक्य तुमच्या पत्रातलंच आहे ना?

तुमच्या लेकीने सोलापुरात बसून सातासमुद्रापारची सायकलवाली मुलगी शोधून काढली. आता रेघा बघा. तुम्ही पाठवलेली अकरा पानं मी माझ्या प्रतीशी ताडून पाहिली. पुस्तकात प्रेमाचे प्रसंग आहेत, चांगले भरपूर आहेत. ती पानं कोरी आहेत. रेघा आहेत त्या व्हायलेट गाडीला नकार देते तिथे, रात्री झोप लागत नाही तिथे, घरातले बहिणीचं नाव टाळतात तिथे. शेवटच्या रेघेवर तर पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर वळ उठलाय. शेजारचा मुलगा खोटं बोलला नाही, लव्ह स्टोरीच आहे. पण तुमची मुलगी त्यातली लव्ह स्टोरी वाचत नाहीये. तुमच्या घरात दोन वर्षांत त्या अपघाताबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. तुम्हीच लिहिलंय, त्यांचा विषय निघाला की मी भांडी घासायला उठते. बोलत होती ती ही सात पुस्तकं. तीही पेटीत गेली.

म्हणून ती भांडली नाही. गप्प घरात शेवटचा बोलणाराही गप्प झाला, तर माणूस भांडेल कुणाशी?

आता या कादंबऱ्यांबद्दल खरं-खोटं सांगते, कारण तुमची भीती अगदीच फुकाची नाही. या प्रकाराला इंग्रजीत यंग अॅडल्ट म्हणतात, म्हणजे साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेलं. त्यातही 'घाव आणि प्रेम' हा एक मोठा कप्पा आहे. साचा ठरलेला. तिच्यावर काहीतरी कोसळलेलं असतं, त्याच्यावर दुसरंच काही. दोघं भेटतात. एक विनोदी, एक मुका. दोनशे पानांपर्यंत हसू परत येतं, अडीचशेला मोठं भांडण, तीनशेला पहाट. आणि आपण आया? आपण यांत एक तर बावळट असतो नाहीतर कामावर गेलेल्या असतो. एकाही आईला धड स्वयंपाक करताना दाखवत नाहीत. असो, तो माझा राग.

मुलं हे का वाचतात ते कळायला अवघड नाही. अशा गोष्टी बहुधा 'मी'ने सांगितलेल्या असतात. हात थरथरतो तर तो आतून थरथरताना दिसतो. अठ्ठेचाळीस पोरांच्या वर्गात बसून "मला पहाटे साडेचारला जाग येते" हे कुणाला सांगता येत नाही. पुस्तकात कुणीतरी ते आधीच सांगून ठेवलेलं असतं. शिवाय नको वाटलं की पुस्तक मिटता येतं. रात्रीचं स्वप्न तसं मिटता येत नाही. तुमची मुलगी त्या रस्त्यावर थोडी थोडी जाऊन येतेय आणि कुठे थांबायचं ते तिच्या हातात आहे. यात वेडेपणा मला दिसत नाही.

दोष दिसतो तो वेगळा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी आघातातून सावरण्यावर 1992 साली एक पुस्तक लिहिलं, ते आजही मानलं जातं. त्यांनी तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षित वाटणं: झोप, जेवण, अंगावर कुणी ओरडत नाही असं घर. मग आठवणं आणि रडणं. मग पुन्हा माणसांत मिसळणं, जीव लावणं. खऱ्या आयुष्यात हे टप्पे असे रांगेत येत नाहीत, मागेपुढे होतात, हेही त्याच सांगतात. पण या कादंबऱ्यांतला बराच माल तिसऱ्यापासूनच सुरू होतो. पोरगा आला, प्रेम झालं, आणि त्या प्रेमाच्या जोरावर झोपही आली. घराला पाया घालायच्या आधी वर पत्रा टाकल्यासारखं. समुपदेशकाची खोली आली तर दोन पानांत आटपते, कारण दर बुधवारी तेच ते बोलणं वाचायला कंटाळवाणं होतं. बरं होणं हे बऱ्यापैकी कंटाळवाणंच काम आहे, ताई. टॉवेलच्या शिलाईसारखं.

दुसरा दोष जास्त खटकणारा. मुलगी नको म्हणते आणि मुलगा ऐकत नाही, आणि लेखक त्याला लाडाने 'तिच्यासाठी झटणारा' म्हणतो. तुमच्या पुस्तकातही फिंच नावाचा मुलगा व्हायलेटला मागे लागून लागून बोलतं करतो, गाडीत बसवतो. वाचताना गोड वाटतं. रस्त्यावर असा मुलगा भेटला तर मी तिला सायकल जोरात हाण म्हणेन. हे तिच्याशी बोलण्यासारखं आहे. ओरडून नव्हे, नुसतं विचारून: "तो एवढा मागे लागतो ते तुला आवडलं का गं?" तिचं उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा शहाणं निघेल.

सगळ्या पुस्तकांत मुलगाच औषध असतो असंही नाही. लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या 1999 सालच्या 'स्पीक' या कादंबरीत अत्याचार झालेली एक मुलगी जवळजवळ बोलणंच बंद करते. तिला हात देतात ते चित्रकलेचे सर. चिठ्ठी काढून तिला विषय मिळतो, 'झाड'. वर्षभर एकच झाड. ती काढते, खोडते, पुन्हा काढते, आणि शेवटी तिचा आवाज परत येतो तो तिचा तिने आणलेला असतो. हे पुस्तक आत्ता तिच्या हातात द्या असं म्हणत नाही, त्यातलं दुःख वेगळं आहे. दिराला सांगायला उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

तुमच्या त्या सात पुस्तकांत 'इट एन्ड्स विथ अस' आहे, कॉलीन हूव्हर यांचं, 2016 सालचं. ते मुळात मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. कव्हरवर फुलं बघून पोरी घेतात. आत नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट आहे आणि काही पानं सोळाव्या वर्षाला जड आहेत. पण ती बाई शेवटी नवऱ्याला सोडते. काढून घेऊ नका, वाचून झालं असेल तर चहा पिताना विचारा की तिने सोडलं ते बरोबर केलं का.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल.

होय, त्या पुस्तकात फिंच शेवटी जीव देतो. अशा गोष्टींनी वाचणाऱ्यावर परिणाम होतो का, हा प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा जुना आहे. 1774 साली जर्मनीत ग्योथे यांनी प्रेमभंगाने जीव देणाऱ्या वेर्थर नावाच्या तरुणाची कादंबरी लिहिली, तेव्हा पोरं त्याची नक्कल करतात म्हणून लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली होती. आजचे अभ्यासक बंदीपेक्षा गोष्ट कशी सांगितलीय ते बघतात. मरण हाच मोकळं होण्याचा मार्ग असं रंगवलं, कसं केलं ते बारकाईने दाखवलं, तर आधीच कडेवर उभ्या असलेल्या पोराला ते घातक ठरू शकतं. उलट कुणीतरी त्या कडेवरून मागे फिरलं, मदत मागितली, जगलं, अशी गोष्ट आधार देऊ शकते. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2010 साली हे मांडलं आणि त्याला मोझार्टच्या एका ऑपेरातल्या, म्हणजे संगीत नाटकातल्या, पापागेनो या पात्राचं नाव दिलं. तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला दुसऱ्या वाटेची आठवण करून देतात.

तुमच्या पुस्तकात हे दोन्ही आहे. म्हणून माझं मत ऐका. फिंचला जो आजार आहे तो त्याच्या भोवतीच्या मोठ्यांपैकी जवळजवळ कुणी मनावर घेत नाही, शाळेत पोरं त्याला विचित्र म्हणून चिडवतात, आणि व्हायलेटचं सगळं प्रेमही त्याला वाचवू शकत नाही. मागे राहते ती सायकलवाली. ती जगते. प्रेमाने सगळं बरं होतं असं या कादंबऱ्या पोरांना शिकवतात, असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

पण पुस्तकावर विसंबून राहायचं नाही. तिला सरळ विचारा. "तुला कधी जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" याच शब्दांत. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती चूक आहे. उलट विचारलं की माणूस सुटल्यासारखा होतो. ती "हो" म्हणाली तर ओरडू नका, रडलात तरी चालेल. त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नका, घरातली औषधं उचलून ठेवा आणि 14416 या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ती "नाही" म्हणाली तरी नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिला दिसेल असा. दीर काहीही म्हणोत, फोन काढून घेऊ नका. मैत्रिणी त्या फोनमध्येच आहेत.

आणि "नाही" म्हणाली तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे. दारूकामाच्या आवाजाला मोरीत जाऊन बसणं, पहाटे दचकून जाग येणं, गाडी टाळणं, बापाचं नाव टाळणं, हे सगळं दोन वर्षं टिकलंय. महिन्याभरात ओसरलं असतं तर मी म्हटलं असतं, काळ जाऊ द्या. डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहिलेला ताण. तिला तो आहे की नाही ते त्यांनीच ठरवायचं. त्यावर उपचार आहे आणि तो चांगला चालतो. मुलांसाठीच्या एका बोलण्याच्या उपचाराला साधारण 12 ते 16 बैठका लागतात, काही बैठकांना आईलाही आत बोलावतात. आपल्याकडे सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सकाळी ओपीडीला केसपेपर काढायचा आणि "मानसोपचार" एवढंच सांगायचं. खिडकीवरच्या रांगेत कोण बघतंय याची काळजी करू नका, रांगेतला प्रत्येक जण स्वतःच्याच केसपेपरच्या काळजीत असतो.

गाडीची भीती तिथे कशी मोडतात ते थोडं सांगते, म्हणजे घरी कुणी शहाणपणा करणार नाही. एका दिवसात उचलून रिक्षात कोंबत नाहीत. आधी गल्लीत उभी असलेली रिक्षा दुरून बघायची, छाती धडधडायची थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन हात लावायचा. मग बंद रिक्षात बसायचं. मग इंजिन चालू, पण जागेवरच. मग कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक पायरीवर तिचा शब्द शेवटचा, आणि पायऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायच्या. दिरांना सांगा की "एकदा बसवली की भीती जाते" हा प्रयोग करायचा नाही. असल्या प्रयोगाने भीती दुप्पट झालेल्या दोन मुली माझ्याच वर्गात होत्या.

पहिल्या दिवशी सिव्हिलला कसं जायचं, हा प्रश्न तुम्ही फोनवर विचारलात. रिक्षात ती बसणार नाही आणि चालायला लांब पडतं. तिच्या सायकलला कॅरियर आहे ना? तुम्ही मागे बसा. डबलसीट. उन्हाच्या आधी, सातला निघा. लोक बघतील, बघू द्या.

राहिली ती समासातली ओळ. ती छापू का असं मी तुम्हाला विचारलं, तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात आणि मग छापा म्हणालात. आधी ते तिला सांगायचं आणि मगच हे छापून येऊ द्यायचं, असं आपलं ठरलं आहे. ओळ अशी: "त्या रात्री मीच तिला फोनवर म्हणाले होते, बाबांशी बोलत राहा, त्यांना झोप येऊ देऊ नको. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

मी मनकवडी नाही. पण तुम्ही पाठवलेल्या अकरा पानांतल्या सातव्या पानावर, कडेला, पेन्सिलीने देवनागरीत एकच शब्द लिहिलाय. "झोपले." तुम्हाला वाटलं असेल, इथवर वाचून झोपली. मलाही आधी तसंच वाटलं. मग त्या पानावर काय आहे ते वाचलं. व्हायलेटच्या मनातलं ते ओझं आहे: बहीण गेली आणि मी राहिले.

तुम्ही दोघी एकाच घरात, दोन समासांत, एकाच गोष्टीचे दोन तुकडे लिहून बसल्या आहात. तुम्हाला वाटतं तुम्ही तिच्यावर ते काम टाकलंत. तिला बहुतेक वाटतं की ते काम तिच्याकडून झालं नाही. ती चौदा वर्षांची होती, दिवसभर पुणं बघून दमलेली. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपेकडे ओढ घेतंच, मग ते चौदा वर्षांचं असो की रात्रभर टेम्पो हाकणाऱ्या बापाचं. आणि पुढे अंधारात बिनदिव्याचा ट्रक उभा होता. ती जागी असती तरी तो ट्रक तिथेच असता.

हे तिला सांगायला माझे शब्द घेऊ नका, तुमचे घ्या. मोडके असले तरी चालतील. फक्त "त्यात तुझी काही चूक नव्हती" एवढं बोलून भांडी घासायला उठू नका. बसून राहा. ती काहीच बोलली नाही तरी बसून राहा.

सुरुवात अवघड वाटत असेल तर एक युक्ती सांगते. संध्याकाळी मशीनवरचे टॉवेल संपले की, दोघी शेंगा सोलायला बसल्या की, ते पुस्तक मागा. म्हणा, "मला इंग्रजी येत नाही. यात काय आहे ते तू मला मराठीत सांग." ती 'काय की' म्हणेल, 'उगं काय' म्हणेल. थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा. तुम्हाला इंग्रजी येत नाही ही इथे तुमची जमेची बाजू आहे, मला ती सोय नाही. तिने सांगितलेलं तेवढंच तुम्हाला कळणार, आणि काय सांगायचं, काय गाळायचं ते ती ठरवणार. व्हायलेटच्या नावाने ती स्वतःचंही थोडंफार सांगून जाईल. तेव्हा "म्हणजे तुझ्यासारखंच की" असं म्हणून तिला पकडू नका. व्हायलेटबद्दलच विचारत राहा. व्हायलेटची आई काय करते? ती बोलते का लेकीशी? सुरुवातीला तीही टाळतेच हो. त्या घरातही बहिणीचं नाव काढायचं नाही असं होऊन बसलंय. हे तुमच्या लेकीच्या तोंडून ऐकाल तेव्हा तुम्हाला लागेल. लागू द्या.

आणि हो, गोष्ट सांगून झाली की तिला विचारा, शेवट पटला का. मला नाही पटला. फिंचच्या बापाने त्याला मारून मारून अर्धं केलेलं, आणि लेखिकेने त्या बापाला फारच स्वस्तात सोडलंय, असं माझं म्हणणं आहे. तिचं वेगळं असेल तर मला लिहायला सांगा. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल.